मेहराब आखताय? नक्षी शेवटी ठेवा

मशीद बांधायची ठरवून जमातीची मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा मेहराबीचा, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याचा, फोटो मोबाइलमध्ये तयारच असतो. बहुतेकदा तो अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीचा. २००७ साली खुली झालेली ही मशीद. तिची किब्ल्याची (मक्केतल्या काबागृहाच्या दिशेची) भिंत २३ मीटर उंच, ५० मीटर रुंद, तिच्यावर कूफी लिपीत अल्लाहची ९९ नावं आणि मधोमध सोनेरी काचेच्या मोझेकची मेहराब. "असंच काहीतरी, आपल्याला झेपेल असं," म्हणतात. आपली भिंत असते चाळीस फुटांची, स्लॅब बारा फुटांवर आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याची आंब्याची कलमं.

फोटो छानच असतो. मी तो बघतो, परत देतो आणि विचारतो, "नमाज पढवणारे पेशइमाम कुठे आहेत? त्यांना बोलवा."

मी रत्नागिरी-रायगड पट्ट्यात घरं, शाळा आणि मशिदी आखतो. हे लिहितोय ते या कामात नव्याने पडलेल्या आर्किटेक्टसाठी आणि बांधकाम कमिटीतल्या मंडळींसाठी. मसल्याचा, म्हणजे धर्मनियमाच्या प्रश्नाचा, निवाडा आलिमांकडून (धर्मपंडितांकडून) घ्या. मी दगड, उजेड आणि आवाज एवढ्यापुरतंच बोलणार.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे हात मोकळा राहील. मेहराब नसली तरी नमाज होते. खोलगट मेहराब आली ती उमय्यद खलिफा पहिला वलीद याच्या काळात, मदिनेची मशीद नव्याने बांधली गेली तेव्हा, साधारण इ. स. ७०७ ते ७०९ या दरम्यान. उमर इब्न अब्दुल अझीझ तेव्हा मदिनेचे सुभेदार होते. म्हणजे आकार कमानीचाच हवा, घुमटीच हवी, संगमरवरच हवा, असं काही बंधन नाही. मात्र तिने तीन कामं केली पाहिजेत: दिशा दाखवायची, इमामांना जागा द्यायची आणि त्यांचा आवाज मागच्या सफेपर्यंत (रांगेपर्यंत) जायला मदत करायची. ही तीन जमली की मग नक्षीचं बघू.

दिशा

आपल्याकडे किब्ला म्हणजे मावळत, असं घराघरांत म्हणतात, आणि बऱ्याच जुन्या मशिदींची तोंडं थेट पश्चिमेलाच आहेत. हिशेबाने दिशा पश्चिमेच्या थोडी उत्तरेकडे येते. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत गेलं तर मुंबईत सुमारे २८० अंश, पुण्यात २८१, रत्नागिरीत २८३ च्या जरा पुढे, कोल्हापुरात २८४ च्या जवळ आणि नागपुरात २७८ च्या आसपास. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण चाळीस फुटी भिंत दहा अंशांनी फिरली की तिचं एक टोक सात फूट सरकतं. एका अंशालाही आठ इंच. तेव्हा हे गणित जोतं भरण्याआधी करायचं.

मोबाइलमधल्या होकायंत्रावर लाइनआउट करू नका. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून यंत्राला दोष द्यायला जागा नाही; घोटाळा करतात ती साइटवर पडलेली सळई, मिक्सर आणि मोबाइलच्या कव्हरातलं चुंबक. एकाच जागी उभ्या असलेल्या चौघांचे चार फोन चार दिशा दाखवतात आणि मग कमिटीत चार पक्ष पडतात. सर्व्हेयर आणून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) रेषा टाका.

आणि ती रेषा सूर्याकडून तपासून घ्या. वर्षातून दोनदा सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर येतो: २७-२८ मे रोजी आपल्या घड्याळाने दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५-१६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटांनी. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. जुलैत आमच्याकडे सूर्य कुठला दिसायला, तेव्हा मेचा दिवस धरायचा. सपाट जागेवर तिकाटणं उभं करा, ओळंबा सोडा, वारा असेल तर गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे हलणार नाही. ठरल्या वेळी दोरीची सावली जमिनीवर चुन्याने आखून घ्या. सावलीच्या टोकाकडून ओळंब्याच्या पायाकडे जाणारी रेषा म्हणजे किब्ला. सूर्य तेव्हा चांगलाच वर असतो, सहा फुटांच्या काठीची सावली साडेतीन-पावणेचार फुटांची पडते. काटेकोर मिनिटाची चिंता नको: आपल्या अक्षांशावर त्या वेळी सूर्याची दिशा फार हळू सरकते, वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. या कामाला जमातीतल्या बुजुर्गांना मुद्दाम बोलवावं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या रेषेवर पुढे कोणी वाद घालत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

जुनी मशीद वाढवत असाल आणि ती थेट पश्चिमेला असेल तर? भिंत पाडायला धावू नका. हनफी मतात (इस्लामी धर्मशास्त्राच्या एका पंथात) ४५ अंशांच्या आतला फरक नमाजेला बाधत नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई, म्हणजे दुसऱ्या पंथाचे, तिथे दिशेचा आग्रह जास्त. म्हणून आलिमांना विचारून काय ते ठरवा. बऱ्याच ठिकाणी भिंत तशीच ठेवून फक्त सफेच्या रेषा तिरक्या आखल्या की भागतं.

नव्या जागेचं दुखणं वेगळं. रस्ता एका दिशेला, प्लॉट दुसऱ्या आणि किब्ला तिसऱ्याच. याची दोन उत्तरं बघून घ्या. इस्फहानच्या शाही मशिदीचं दार मोठ्या मैदानाच्या रेषेत आहे आणि आत शिरल्यावर अख्खी मशीद जवळजवळ ४५ अंशांनी वळते. १६११ ला सुरू झालेलं काम, पण वळण असं बेमालूम की चालणाऱ्याला ते खटकत नाही. दुसरं आपल्या काळातलं, ढाक्याची बैत उर रऊफ मशीद, २०१२ ची, मरीना तबस्सुम यांनी आखलेली. २०१६ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार तिला मिळाला. तिथे बाहेरचा विटांचा चौकोन प्लॉटच्या रेषेत ठेवलाय, त्यात एक गोल बसवलाय आणि त्या गोलात नमाजेचा चौरस दालन १३ अंशांनी फिरवून किब्ल्याला लावलंय. मधल्या उरलेल्या फटींतून उजेड येतो. आपल्याकडे अशा उरलेल्या तिकोनात चपलांचे कप्पे, जाजमांची खोली, इन्व्हर्टर, पेशइमामांचा हुजरा (खोली) असं सगळं सहज बसतं. मात्र तिकोन दालनाच्या आत सोडू नका, भिंतीबाहेर ढकला.

माप

आता पेशइमामांना जागेवर उभं करायचं. खडूने भिंतीची रेषा काढा, तिच्या पलीकडे मेहराबीचा तळ आखा आणि त्यांना दोन रकात (आवर्तनं) नमाज पढायला सांगा, रोजच्या जुब्ब्यात. रुकूला (कमरेत वाकताना) किती मागे सरकतात, सजद्यात कपाळ कुठे टेकतं, सलाम फेरल्यावर जमातीकडे वळून बसताना गुडघा कुठे येतो, ते टेपने मोजा. कागदावरचं माप आणि माणसाचं माप यात दर वेळी काही इंच निघतात.

माझं मोघम माप असं: रुंदी पाच ते सहा फूट, खोली साडेचार फूट, आतली उंची आठ फुटांच्या खाली नको. साडेचार फूट खोली कशाला? एका नमाज्याला सफेत दोन फूट रुंदी आणि चार फूट लांबी लागते. भिंत सपाट असली तर इमाम सफेच्या पुढे दालनातच उभे राहतात आणि त्यांच्या एकट्यासाठी भिंतीलगतची चार फुटांची पट्टी पूर्ण रिकामी जाते. चाळीस फुटी दालनात म्हणजे वीस माणसांची एक सफ गेली. मेहराब खोल असली तर इमामांचे पाय भिंतीच्या रेषेशी आणि सजदा मेहराबीच्या आत. ती सफ परत मिळते. जुम्म्याला रस्त्यावर सतरंज्या टाकाव्या लागणाऱ्या गावात ही वीस जागांची भर कुठल्याही सोनेरी मोझेकहून मोलाची आहे.

पाय भिंतीच्या रेषेशी, असं मी म्हटलं ते मोजूनमापून. इमाम पूर्णच्या पूर्ण मेहराबीच्या आत जाऊन उभे राहणं हनफी फिकहमध्ये (धर्मनियमांत) मकरूह, म्हणजे नापसंत, मानतात. सात-आठ फूट खोल मेहराब काढून तिची खोली करू नका. तसंच आत पायरी किंवा ओटाही नको. इमामांनी एकट्याने जमातीपेक्षा उंच जागी उभं राहणं पसंत केलं जात नाही. फरशीची पातळी दालनाची तीच आत. कंत्राटदाराला हे लिहून द्या, कारण गवंडी सवयीने तिथे चार इंचाचा उंचवटा करतोच. त्याला वाटतं, मानाची जागा आहे.

मिंबर, म्हणजे प्रवचनाचं पायऱ्यांचं आसन, नमाज्यांच्या बाजूने बघितलं तर मेहराबीच्या उजव्या हाताला. तीन पायऱ्या पुरतात. सागवानी सात पायऱ्यांचं मिंबर देखणं दिसतं आणि पहिल्या सफेतल्या दोघा-तिघांची जागा खातं. आवडच असेल तर त्याच्यासाठी भिंतीत वेगळा कोनाडा काढा. हुजऱ्याचं दार मेहराबीच्या डाव्या अंगाला आलं तर इमामांना सफा ओलांडत यावं लागत नाही. जनाज्याची नमाज आत होते की बाहेर, हेही आधी विचारा. शाफई जमातीत आत चालते, हनफी जमातीत सहसा टाळतात, आणि त्यावरून किब्ल्याच्या भिंतीत दार हवं का ते ठरतं.

खांब आणि पाऊस

आरसीसी फ्रेमचा नकाशा काढताना किब्ल्याच्या भिंतीचे गाळे विषम ठेवा: तीन, पाच, सात. सम ठेवले की मधोमध खांब उभा राहतो आणि मेहराब त्याच्यावर चिकटवलेलं चित्र होऊन बसते. ही चूक इतकी सर्रास दिसते की मी कोणाचाही नकाशा हातात आला की आधी पश्चिमेचे खांब मोजतो.

मेहराब भिंतीबाहेर साडेचार फूट येणार, तेव्हा ती मार्जिनमध्ये (प्लॉटभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) घुसत नाही ना, हे मंजुरीच्या आधी बघा. पुढे नोटीस आली की शेजारी, नगरपालिका आणि जमात तिघंही तुमच्याच दारात.

आणि कोकणात ती पावसाच्या तोंडावर येणार. आपला किब्ला पश्चिमेला, पाऊसही तिकडूनच झोडपतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात बाहेर आलेल्या मेहराबीचं छत आणि मुख्य भिंत यांचा सांधा हाच गळतीचा पहिला पत्ता. पहिल्याच पावसाळ्यात आत, नेमकं आयतीच्या (कुरआनातल्या वचनाच्या) वर, पिवळा डाग उमटतो. उपाय साधे आहेत पण ते सेंट्रिंग चालू असतानाच करावे लागतात. छताला बाहेरच्या बाजूला भरपूर उतार द्या, सांध्यावर वाटा (गोलसर उतार) काढा, मुख्य भिंतीचा सज्जा मेहराबीच्या छतावर किमान दीड फूट पुढे येऊ द्या आणि सज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा, नाहीतर पागोळी उलटी भिंतीकडे धावते. चिऱ्याचं बांधकाम असेल तर बाहेरून दर्जा (दगडांमधले सांधे) नीट भरून घ्या. जांभा पाणी पितो, आणि आतून नीरू (चुन्याचा गुळगुळीत लेप) लावलेली भिंत मग पापुद्रे सोडते. घुमटीचा हट्ट असेल तर ती आतून करा. बाहेरून वर उतरतं कौलारू छप्पर राहू दे. आमच्या जुन्या कोकणी मशिदी कौलारूच होत्या, आणि कोरड्या होत्या.

उजेड

आजच्या मशिदींत मेहराबीवर खरा विचार झालाय तो उजेडाचा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अंकाऱ्यात तुर्की संसदेच्या आवारात बेहरूझ आणि जान चिनीजी या बापलेकांनी १९८९ मध्ये मशीद पुरी केली, तिला १९९५ चा आगा खान पुरस्कार मिळाला. तिची मेहराब काचेची आहे. पलीकडे खाली उतरत गेलेली बाग आणि पाणी. नमाजी भिंतीकडे बघण्याऐवजी हिरवळीकडे बघतात. जावा बेटावर बांडुंगजवळच्या अल-इर्शाद मशिदीत, २०१० ची ही, रिदवान कामिल यांनी किब्ल्याची भिंतच काढून टाकली: समोर डोंगर, पाणी आणि इमामांच्या पुढे अल्लाह लिहिलेला एक गोल. इस्तंबूलच्या बाहेर एमरे आरोलात यांची संजाकलर मशीद जमिनीत बसवल्यासारखी आहे. गुहेसारखा अंधार आणि किब्ल्याच्या भिंतीलगतच्या फटींतून झिरपणारा उजेड, एवढ्यावर सगळं दालन उभं आहे. ढाक्याच्या त्या मशिदीत मेहराब म्हणजे विटांच्या भिंतीतली एक उभी चीर. ती तिरकी ठेवलीय, म्हणजे उजेड आत येतो पण पलीकडून जाणारा-येणारा दिसत नाही.

हे सगळं बघून तरुण आर्किटेक्ट हुरळतात आणि रत्नागिरीत काचेची मेहराब आखतात. अंकाऱ्याहून किब्ला दक्षिणेकडे, जरा पूर्वेला कलता आहे. असर-मगरिबला (दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजेला) तिथे सूर्य नमाज्यांच्या उजव्या खांद्याकडे असतो. आपल्याकडे तो थेट समोर. मुंबईत एप्रिलच्या मध्याला आणि पुन्हा ऑगस्टअखेरीस सूर्य बरोबर किब्ल्याच्या रेषेतच मावळतो. रत्नागिरीत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या मध्यानंतर. त्या सगळ्या उन्हाळ्यात असरच्या वेळी काचेतून येणारं ऊन पहिल्या तीन सफांच्या डोळ्यांत जाणार आणि इमाम नुसती काळी आकृती दिसणार. मग कमिटी पडदा लावते. मेहराबीला पडदा! त्यापेक्षा काच न लावलेली बरी.

मी काय करतो ते सांगतो. मेहराब भिंतीबाहेर आलेली असते, म्हणजे तिला दोन बगला असतात, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची. उत्तरेच्या बगलेत, मागच्या भिंतीला लागून, नऊ इंच रुंदीची उभी फट तळापासून छतापर्यंत ठेवायची. दालनात बसलेल्याला ती दिसत नाही, भिंतीची कड तिला झाकते. त्याला दिसते फक्त उजळलेली मागची भिंत. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, ऊन जवळजवळ येत नाही. जूनमधल्या मावळतीला चुकार तिरीप आली तर ती फटीच्या कडेवरच अडते, कोणाच्या डोळ्यांत जात नाही. फटीला काच बाहेरच्या अंगाला न लावता चार इंच आत लावा, म्हणजे पाऊस काचेवर आपटत नाही. तळाचं पाणी बाहेर जायला उतार द्या. दक्षिणेची बगल बंद.

फजर आणि इशाला (पहाटेच्या आणि रात्रीच्या नमाजेला) बाहेर अंधार असतो, तेव्हाचा दिवा त्याच फटीत, त्याच बाजूने, पिवळसर प्रकाशाचा, ३००० केल्विनच्या आसपासचा बसवा. दिवसाचा आणि रात्रीचा उजेड एकाच अंगाने आला की भिंत तीच वाटते. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या कोणी हौसेने आणल्याच तर त्या मोहल्ल्यातल्या शादीसाठी ठेवून द्या.

आवाज

इमामांचं तोंड भिंतीकडे आणि ऐकणारे पाठीमागे, ही जुनी अडचण. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा खोलगट मेहराब आवाज परत दालनात फेकायची. आता कॉलरला माइक असतो आणि तीच मेहराब शिट्टी वाजवते. अर्धगोल आणि वरून घोटीव ग्रॅनाइट, असा जोड असला की आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. पहिल्या रकातीलाच कुईं होतं आणि कोणीतरी नमाज संपल्या संपल्या ॲम्प्लिफायरकडे धावतं.

अर्धगोलाऐवजी पाच बाजूंचा तळ घ्या, अष्टकोन अर्धा कापल्यासारखा. आवाज एका जागी गोळा होत नाही, पसरतो. यात मी नवं काही सांगत नाही. दख्खनच्या सुलतानी मशिदींत अशा बहुकोनी मेहराबी भरपूर सापडतात. आतला गिलावा चुन्याचा, हातघोटाईचा पण आरशासारखा नको. स्पीकर मेहराबीच्या आत किंवा डोक्यावर लावू नका, दोन्ही बाजूंच्या खांबांवर, इमामांच्या पाठीमागे, जमातीकडे तोंड करून लावा. बायकांच्या दालनाला वेगळी जोडणी द्या आणि तिथे स्वतः बसून ऐका. बहुतेक मशिदींत तिथला स्पीकर म्हणजे सगळ्यात जुना, काढून टाकलेला.

वीज गेली की माइक बंद. तेव्हाही पाच-सहा सफांपर्यंत किरात (कुरआनाचं पठण) ऐकू यावी, हे चाचणीचं माप धरा. गिलावा वाळल्यावर, पंखे बंद करून, पेशइमामांना फातिहा पढायला सांगा आणि आपण मागच्या भिंतीशी उभे राहा.

आणि मग नक्षी

विजापूरच्या जामा मशिदीचं काम पहिल्या अली आदिलशहाच्या काळात निघालं. तिच्या मेहराबीवरचं ते प्रसिद्ध सोनेरी आणि रंगीत काम मात्र १६३६ चं, मुहम्मद आदिलशहाच्या वेळचं. मधल्या काळात लोक नमाज पढतच होते. तेव्हा पैसे संपले म्हणून मेहराब साधी राहिली तर कमिटीने तोंड लपवू नये. भिंत, उजेड आणि माप बरोबर असेल तर नक्षी पुढची पिढी करील.

करायचीच असेल तर एकच गोष्ट निवडा आणि ती नीट करा. इस्तंबूलच्या शाकिरीन मशिदीत, २००९ ची, आतली सजावट झेनेप फादिल्लीओलू यांची, मेहराबीचा फिरोजी रंग एवढा दमदार आहे की बाकी दालनाला गप्प बसावं लागतं. इस्लामाबादच्या फैसल मशिदीत गुलजी यांनी मेहराबीला उघड्या कुरआनाचा आकार दिला. सगळं लक्ष त्या एका आकारावर. आपल्याकडे मात्र हिरवा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरं, त्याभोवती सीएनसी जाळी, वर पीओपीची महिरप आणि तिच्यात निळा दिवा, असं पंगतीच्या ताटासारखं सगळं एकदम वाढतात.

घोटीव काळा ग्रॅनाइट तर नकोच. पहिल्या सफेतल्या माणसाला नमाजेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाची हालचालही. जांभा टाकीने घडवून, दर्जा बारीक ठेवून तसाच उघडा ठेवला तर बगलेतल्या उजेडात त्याचा पोत असा उठतो की वेगळी नक्षी लागत नाही. घाटावर असाल तर काळा बेसाल्ट, छिन्नीचे घाव दिसतील असा. अहिल्यानगरची (पूर्वीच्या अहमदनगरची) दमडी मशीद एकदा बघून या, दगडात किती बारीक काम निघतं ते कळेल आणि आजच्या सीएनसीवाल्याकडून काय मागायचं तेही.

आयत लिहायची तर ती नजरेच्या सरळ रेषेत नको, कमानीच्या वरच्या अंगाला हवी. मजकूर आलिमांकडून लिहून घ्या, कारागिराने पूर्ण आकाराचा कागदी नमुना भिंतीवर लावून दाखवला पाहिजे, आणि तो दोघा हाफिजांनी स्वतंत्रपणे वाचला पाहिजे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फॉन्टमध्ये अक्षरं तुटतात, नुक्ते (अक्षरांचे ठिपके) पडतात. दगडात कोरल्यावर ते दुरुस्त होत नाहीत. गुडघ्याच्या खाली, जिथे पाठी टेकतात किंवा जाजमं रचतात, तिथे अक्षर नाही.

शेवटचा त्रास घड्याळांचा. मशीद खुली झाली की आठवड्याभरात कोणीतरी नमाजेच्या वेळा दाखवणारं लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ भेट देतं, आणि ते मेहराबीच्या डोक्यावरच लागतं, कारण तिथेच खिळा मारायला जागा दिसते. मग दुसरा कॅलेंडर देतो, तिसरा काबागृहाची फ्रेम. यांची सोय नकाशातच करा. मिंबराच्या पलीकडे, भिंतीच्या टोकाला, चार फूट रुंदीचा एक उथळ कोनाडा, आत प्लग पॉइंट आणि हुक. देणाऱ्याचा मान राहतो. मेहराबीच्या आत मात्र एकही प्लग पॉइंट ठेवू नका. इलेक्ट्रिशियनने विचारलं तरी नाही म्हणा.